सातशे भाकरींवरचं जपान

पडेगाव ते जपान हे अंतर सातशे भाकरी आहे. हिशेब मी स्वतः केलाय, चौथीपर्यंत शिकलेल्या डोक्यानं!

त्याचं असं झालं, वाळूजच्या कंपनीनं आमच्या ह्यांना नवं मशीन शिकायला जपानला पाठवायचं ठरवलं. "विमान चुकलं तर दुसरा माणूस जाईल," साहेबांनी बजावलं होतं.

सासूबाईंचा जन्म मेंढरांमागं गेलेला. त्या वाट भाकरीत मोजायच्या. दौलताबाद एक भाकरी, वेरूळ दोन. त्यांनी ह्यांना विचारलं, "जपान किती रं?"

"हवाई अंतर सात हजार किलोमीटर, माय!" असं छाती फुगवून सांगून हे ड्युटीवर गेले.

किती वेळ लागतो हे नवऱ्याला विचारायला मला लाज वाटली. पण भागाकार येत होता ना!

"आत्याबाई, दौलताबादला दहा किलोमीटरला एक. म्हणजे सातशे भाकरी!"

"अगं, हवेत चढ नाय, काटा नाय, मेंढरं हाकायची नायत. भूक कमी लागंल. शंभर कर!"

गल्लीतल्या साऱ्या चुली पेटल्या. दुसऱ्या दिवशी निघताना गाठोडं बघून हे ओरडले, "अगं, विमान एका रात्रीत पोचतं! आन् जेवायला देतात!"

"अनोळखी माणसाच्या हातचं खातूस व्हय?" सासूबाईंनी गाठोडं तट्टावर चढवलं.

तट्टावर, कारण त्याच दिवशी विद्यापीठाच्या नामांतरासाठी बंद होता! रिक्षा नाही, बस नाही. आम्ही पायीच चिकलठाण्याच्या विमानतळाकडं निघालो. वाटेत लष्कराच्या छावणीपाशी रस्ताच अडलेला. एकीकडं मोर्चेकरी बसलेले, दुसरीकडं पोलीस उभे.

ह्यांचा चेहरा रडवेला झाला. "सात हजार किलोमीटर उडायचंय, आन् ही छावणी वलांडता येईना!"

हवालदारानं गाठोड्याला काठी टोचली. "काय आहे यात?"

मी पदर पुढं ओढला. सासूबाई म्हणाल्या, "जपान!"

काहीतरी परदेशी बॉम्बबिंब समजून हवालदार दोन पावलं मागं सरला! मी घाईघाईनं गाठ सोडली. ज्वारीच्या भाकरी, वर ठेचा. हवालदारानं काठी खाली ठेवली. सगळी हॉटेलं बंद, तोही सकाळपासून उपाशीच.

मोर्चातली एक मावशी हसली. "वहिनी, आमच्या बी पोटात काय नाय!"

मग काय! रस्त्याच्या ह्या बाजूला पोलीस, त्या बाजूला मोर्चा, आणि मधे मी मान खाली घालून भाकरी वाटतेय! खाता खाता सासूबाईंनी साऱ्यांना विमानाचं सांगितलं.

"दादाला वाट द्या रे!" मावशीनं हाळी दिली. मोर्चा बाजूला सरकला. हवालदारानं ह्यांना जीपमधे कोंबलं, आणि विमान मिळालं!

तीन महिन्यांनी हे परतले ते वाळून. मी दबकत विचारलं, "विमानात काय खाल्लं?"

"ताटात काय होतं ते वळखू येईना, आन् विचारायची लाज वाटली. उपाशीच गेलो. एखादी भाकर तरी ठेवायचीस!"

शंभर भाजल्या, साऱ्या छावणीत वाटल्या, आणि ज्याच्यासाठी भाजल्या त्याला एकही दिली नाही! अजून कुणी विचारलं की मी सांगते, जपान सातशे भाकरींवर आहे. हे आतून ओरडतात, "जाऊन कोण आलंय? एकबी लागत नाय!"