लांबच्या तोफेचा तोल

ऑफिसात तिला सगळे 'तराजू' म्हणत. एका ऑनलाइन युद्धखेळात खेळाडू अवाढव्य यंत्रयोद्ध्यांच्या आत बसून लढत. कोणत्या शस्त्राने किती इजा व्हावी, ते किती लवकर तापावे, हे आकडे ठरवणे तिचे काम. कोणतेही शस्त्र इतके समर्थ असू नये की बाकीची निरर्थक ठरावीत, एवढेच तिच्या विद्येचे सूत्र, आणि लांब पल्ल्याच्या तोफेपाशी ते दरवेळी मोडे. तोफ दुबळी केली की तिला कुणी हात लावत नसे. सबळ केली की दोन्ही बाजू टेकड्यांआड दबा धरून बसत. नवा खेळाडू शत्रूचे दर्शन होण्यापूर्वीच मरे आणि पुन्हा फिरकत नसे.

"एवढे डोंगर मी रचले, आणि लोक त्यामागे लपून बसतात," नकाशे आखणारा सहकारी कुरकुरला. "दुरून साजरे म्हणतात ते हेच!"

"मग कर तुझे डोंगर सपाट."

"तू तोफ सपाट कर आधी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. किती दिवस चालायचं हे?"

तिने गोळ्याचा वेग घटवला, मारा घटवला. माणसे बसूनच राहिली. अखेर एकच उपाय लागू पडला: नेम धरून थांबले की यंत्र झपाट्याने तापावे आणि नेम सोडावाच लागावा. चाचणीत प्रथमच लोक टेकडीआडून बाहेर पडले. सहकाऱ्याने टाळ्या वाजवल्या. तिला मात्र बाबांचे हात आठवले.

बाबांनी हयातभर क्रेन चालवली होती. आता त्यांचे हात कापत. तेही हाच खेळ खेळत. जवळच्या झटापटीत ते निरुपयोगी. पण दूर उभे राहून, नेम धरून, कंप ओसरेपर्यंत थांबून त्यांनी सोडलेला गोळा सहसा चुकत नसे. त्यांच्या तुकडीतली मुले रोज संध्याकाळी त्यांना बोलावून घेत. त्यांना बोलावणारे दुसरे कुणी उरले नव्हते.

तिने प्रमुखांकडे सवलत मागितली: ज्यांचे हात कापतात, त्यांच्यापुरते यंत्र उशिरा तापावे.

"सवलत दिली की उद्या सगळ्यांचेच हात कापायला लागतील," प्रमुख म्हणाले.

त्यांच्या जागी तीही हेच म्हणाली असती.

बदल लागू होण्याच्या आदल्या दिवशी तिने घरी सांगितले. "बाबा, तोफ बदलतेय. मीच बदललीय."

"मग बरोबरच असेल." ते हसले. "पोरं नुसती दडून बसायची गं. खेळ कसला, वेटिंग रूम झाली होती."

नंतरच्या संध्याकाळी कंप ओसरण्याआधीच त्यांचे यंत्र तापून बंद पडू लागले. "काका, आज तुम्ही जरा मागेच थांबा," मुले अदबीने म्हणाली. मग बोलावणेच येईनासे झाले. ऑफिसात खेळाडूंच्या संख्येचा आलेख वर चढला आणि प्रमुखांनी तिची पाठ थोपटली.

एकदा तिला चहा देताना बाबांनी सहज विचारल्यासारखे विचारले, "सरावानं जमेल का गं?"

किती वेळात यंत्र तापते, हे तिनेच ठरवले होते. बाबांचा हात स्थिरावायला त्याहून कितीतरी अधिक वेळ लागे, आणि तो वेळ वाढतच होता.

"जमेल की," ती म्हणाली.

ते उठले आणि सरावाच्या रिकाम्या मैदानात एकटेच उतरले.