न बोलावता येणारी माणसं

काकड्यांच्या निम्म्या बरण्या भरून झाल्या होत्या. तळाशी शेपूची काडी, लसणाच्या पाकळ्या, मग दाटीने उभ्या केलेल्या काकड्या आणि वरून मीठ-व्हिनेगरचं उकळतं पाणी. माझी थोरली बहीण आर्डिस अशी एकेक बरणी भरत टेबलाशी उभी होती, आणि उरलेल्या काकड्या थंड पाण्यात वाट बघत होत्या. तेवढ्यात तिचा नवरा ऑर्लिन मागच्या दाराने आत आला. ऑगस्टचा महिना, गहू पिकायला आलेला, आणि दहासुद्धा वाजलेले नव्हते. अशा दिवसांत तो जेवायच्या आधी घरात कधी दिसायचा नाही. खुर्ची ओढून तो बसला आणि म्हणाला, "जरा टेकतो."

पायातले बूट तसेच होते. आर्डिसने हातातलं झाकण बरणीवर ठेवलं नाही, खालीही ठेवलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तो बूट घालून तिच्या स्वयंपाकघरात कधी आला नव्हता.

त्याच वर्षी ऑक्टोबरात ऑर्लिन ब्रेकहस देवाघरी गेला. टॉर्सडल काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, साप्ताहिकात त्याच्यावर चार ओळी आल्या. जन्म, लग्न, मुलगा, दफन. त्यांत खोटं काही नाही, पण त्यांत ऑर्लिनही नाही.

त्याचे आजोबा नॉर्वेहून आले तेव्हा इथे गवत आणि वारा सोडला तर काही नव्हतं. सरकारने जमिनीचे चौकोन आखून दिले होते, घर बांधा, जमीन कसा, ती तुमची. रेल्वेचं इंजिन पाणी प्यायला जिथे जिथे थांबलं तिथे तिथे एक गाव झालं, आणि प्रत्येक गावाला वाटलं की पुढचं शिकागो आपणच. काउंटीची कचेरी आपल्याकडे हवी म्हणून लिंडाल आणि वेस्टबी या दोन गावांत तेव्हा डोकी फुटली होती म्हणतात. आता वेस्टबीत एक पेट्रोलचा पंप आहे आणि तोही शनिवारी बंद. ऑर्लिन जन्मला तो दुष्काळात. माती इतकी उडायची की पाळण्यावर ओलं फडकं टाकून ठेवत. तेव्हा पहिली फळी पश्चिमेकडे निघून गेली. उरले ते टिकले, आणि मग युद्धानंतर यंत्रं मोठी होत गेली तशी माणसं कमी लागू लागली. कुणी कुणाला हाकललं नाही. एका घरची मुलं शिकायला गेली ती आली नाहीत, दुसऱ्याने जमीन शेजाऱ्याला विकली, तिसऱ्याचं घर रिकामं झालं आणि त्यात कबुतरं आली. शाळेची बस यायची थांबली. तीन वर्षांपूर्वी आमचं चर्चही बंद झालं, घंटा काढून लिंडालच्या चर्चसमोर चौथऱ्यावर ठेवली. आम्ही, म्हणजे मी आणि माझा नवरा व्हर्डेल, त्याआधीच जमीन विकून मायनॉट शहरात आलो होतो. व्हर्डेलच्या गुडघ्यांना ट्रॅक्टर झेपेना.

ऑर्लिन हलला नाही. रस्ता सांगताना तो अजून सांगायचा, "हॉगनच्या घरापाशी वळ, शाळेपर्यंत जा." हॉगनचं घर पाडून त्यावर गहू पेरला होता आणि शाळा जळून जमाना झाला होता. नव्या पास्टरबाई, ज्यांच्याकडे चार चर्च आहेत, त्या त्याच्या या रस्त्यावर दोनदा हरवल्या. आर्डिस त्याला म्हणायची, "अरे, मेलेल्यांचा पत्ता जिवंत माणसांना काय सांगतोस?" तो म्हणायचा, "वळण तर तिथेच आहे ना."

पण ऑर्लिनला आमची काउंटी ओळखत होती ती दुसऱ्या गोष्टीसाठी. आमच्यात रीत आहे, तिला नाव नाही. कापणीच्या वेळी एखादा माणूस आजारी पडला, मेला, हात मोडून बसला, की एका सकाळी शेजारी आपापली हार्वेस्टर घेऊन त्याच्या शेतात उभे राहतात. आपला गहू तसाच ठेवून आधी त्याचा कापतात. बायका जेवण आणतात. बोलावणं नसतं, आभार नसतात. ज्याचं शेत तो खिडकीशी बसून बघतो, आणि पुढे कधीतरी दुसऱ्याच्या शेतात जातो, झालं. आणि प्रत्येक वेळी पहिलं यंत्र ऑर्लिनचं असायचं. नेल्स हॉगनचा हात धान्य ओढणाऱ्या स्क्रूमध्ये गेला तेव्हा त्याला दवाखान्यातून घरी आणायच्या आत ऑर्लिन त्याच्या शेताच्या बांधावर होता. एका विधवेला तर नवऱ्याच्या दफनावरून परतल्यावर कळलं की गहू कोठारात पोचलासुद्धा. कोण कुठे अडलंय हे ऑर्लिनला कळायचं कसं, असं मी एकदा विचारलं होतं. त्याला प्रश्नच समजला नाही. म्हणाला, यंत्र उभं दिसतं, धूळ उठत नाही, मग आणखी काय कळायचं असतं?

मायनॉटच्या डॉक्टरांनी सांगितलं की पोटात गाठ आहे, पसरली आहे. ते ऐकून परतताना गाडीत ऑर्लिन फक्त दोन्ही बाजूंचा गहू बघत होता. घरी पोचल्यावर म्हणाला, आपला अजून आठवडाभरात होईल.

तो झाला. सोन्यासारखा उभा राहिला, आणि ऑर्लिनला जिना चढवेना. सिअॅटलहून त्यांच्या मुलाचा, कर्टिसचा फोन आला. दक्षिणेकडून कापत कापत वर येणाऱ्या भाडोत्री टोळ्या असतात, त्यांतली एक लावून देतो, पैसे मी भरतो, म्हणाला. ऑर्लिनने नको सांगितलं. टोळी लावली तर शेजाऱ्यांच्या तोंडावर दार लावल्यासारखं होईल, लोक यायचेत. कर्टिस विचारत होता, कोण लोक, बाबा? ऑर्लिनने फोन आर्डिसच्या हातात दिला.

आर्डिसने तयारी केली. दोन मोठी हॅम आणून फ्रीजरमध्ये ठेवली. पाव भाजले, बटाट्याच्या पोळ्या, लेफ्से, लाटून कपड्यात गुंडाळून ठेवल्या. माळ्यावरची चर्चची मोठी कॉफीची किटली, चर्च बंद झाल्यावर जी कुणीच मागायला आलं नव्हतं, ती घासून पुसून ठेवली. ऑर्लिन रोज सकाळी दाढी करायचा, धुतलेली टोपी घालायचा आणि पुढच्या ओट्यावर बसायचा. वाऱ्यावर लांबून यंत्रांचा आवाज येई. रस्त्यावर धूळ उठली की तो सरसावून बसे. ती पोस्टमनची असे, नाहीतर भलत्याच कुणाच्या शेताकडे जाणाऱ्या टोळीची. दुपारी आर्डिस त्याला आत घेऊन जाई.

लिंडालला वाण्याकडे, धान्याच्या कोठारावर, लोक आर्डिसला विचारत होते. ऑर्लिन कसा आहे? ती सांगत होती, "फार वाईट नाही." आता याला कोण काय करणार? आमच्याकडे घराला आग लागली तरी माणूस म्हणेल, आज जरा ऊब वाढलीय. पूर्वी या उत्तराने काही अडायचं नाही, कारण विचारणारा येता-जाता अंगण बघायचा. तिला पास्टरबाईंनी विचारलं, रविवारी प्रार्थनेत त्याचं नाव घेऊ का? नको म्हणाली. ऑर्लिननेच बजावलं होतं. आणि लांबून ज्यांना त्याचा उभा गहू दिसत होता ते म्हणत होते, ऑर्लिन आहे तो, दाणा दाताखाली खड्यासारखा वाजल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. त्याची ही सवय सगळ्यांना माहीत होती.

दुसऱ्या आठवड्यात आर्डिसला राहवेना. ओट्यावर त्याच्या शेजारी बसून ती म्हणाली, "मी ड्वेनला फोन करते." ड्वेन सुंडवोर त्यांचा सर्वांत जवळचा शेजारी, म्हणजे पाच मैलांवरचा.

"करायचा नाही."

"हवा बदलतेय. तुलाही दिसतंय."

"मागून आणलेली माणसं म्हणजे मजूर. नेल्सच्या वेळी मला कुणी फोन केला होता?"

"नेल्स खोकला तर आपल्या गोठ्यात ऐकू यायचं, ऑर्लिन. आता तू ओरडलास तरी ऐकणार कोण?"

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "म्हणजे मी एवढी वर्षं गेलो, ते कुणाला दिसलंच नाही म्हणायचं." आर्डिसने मला नंतर सांगितलं, गहू राहिला काय गेला काय, त्याला त्याचं दुःख उरलंच नव्हतं. ते आपणहून येतात की नाही, एवढंच त्याला मरायच्या आधी बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याचा डोळा लागल्यावर तिने गाडी काढली. वाण्याकडे जाते अशी चिठ्ठीही ठेवली नाही, कारण ते खोटं झालं असतं. ड्वेन आपल्या शेतात कापत होता. ती बांधावर जाऊन उभी राहिली, हात केला नाही. त्याने यंत्र थांबवलं, उतरून आला. लहानपणी तो तिच्या रविवारच्या शाळेत होता, म्हणून चाळिशी उलटली तरी तिला मिसेस ब्रेकहसच म्हणतो.

"मिसेस ब्रेकहस, ऑर्लिन कसे आहेत?"

"तितकंसं बरं नाही," आर्डिस म्हणाली.

एवढंच. ड्वेनने टोपी काढली. तिच्या डोक्यावरून तो ऑर्लिनच्या शेताच्या दिशेला बघत होता, आणि तिला दिसलं की गेल्या पंधरा दिवसांत रोज बघितलेलं ते शेत त्याला आत्ता दिसतंय. म्हणाला, "उद्या." आणि घरी फोन करायला धावला.

संध्याकाळी आर्डिसने मला फोन केला, उद्या जेवणाला हात लागेल, ये. तिच्या आवाजात मुलीसारखा आनंद होता. मी मटार आणि बटाट्याचं हॉटडिश ओव्हनमध्ये ठेवलं आणि गुडघे टेकून प्रभूचे आभार मानले. मी उठत होते तेव्हा पश्चिमेला वीज चमकली.

गारा मायनॉटला पडल्या नाहीत. आमच्याकडे गारा पट्ट्यात पडतात, एकाचं शेत झोपतं आणि रस्त्यापलीकडच्याची ओंबीही हलत नाही. त्या रात्रीचा पट्टा ऑर्लिनच्या शेतावरून गेला. पहाटे मी पोचले तेव्हा गहू उभा नव्हता. काड्या मोडून चिखलात चेपल्या होत्या आणि दाणा जमिनीत रुतला होता. ऑर्लिन ओट्यावर बसला होता, दाढी केलेला, धुतलेली टोपी घातलेला. आर्डिस आत हॅम कापत होती.

आणि मग रस्त्यावर धूळ नाही, पण दिवे दिसले. एकामागे एक हार्वेस्टर येत होती. ड्वेनकडे गारा पडल्या नव्हत्या, त्याला ठाऊकच नव्हतं. कुणी वीस मैलांवरून आलं होतं, एक तर शेजारच्या काउंटीतून. सगळी बांधाशी येऊन उभी राहिली. माणसं उतरली. ड्वेन शेतात गेला, एक ओंबी उचलली, तळहातावर चोळली, फुंकर मारली. हातात काही राहिलं नाही. सगळे तिथेच खाली मान घालून उभे राहिले. परत जावं तर वाईट, थांबावं तर करायचं काय?

ड्वेनला काही सुचेना म्हणून की काय, तो यंत्रावर चढला आणि पातं अगदी खाली घेऊन त्या चिखलातून एक फेरी मारू लागला. मागून नुसता ओला भुसा पडत होता. ऑर्लिन बघत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्याने ते पुसलं नाही. मग मला म्हणाला, "जा, त्या गाढवाला सांग, डिझेल महाग आहे. आणि सगळ्यांना म्हणावं, जेवल्याशिवाय कुणी जायचं नाही."

मी चिखलातून जाऊन सांगितलं. सकाळचे आठ वाजले होते आणि ती माणसं हॅम, पाव आणि माझं हॉटडिश जेवली. पावसाचं बोलली, भावाचं बोलली. जाताना प्रत्येक जण ऑर्लिनच्या खुर्चीपाशी थांबला, आणि त्याने प्रत्येकाला त्याच्या बापाचं नाव घेऊन विचारलं, बरे आहेत ना? त्यातले बहुतेक कधीच गेले होते. कुणी त्याची चूक दाखवली नाही.

सगळे गेल्यावर आम्ही दोघी भांडी घासत होतो. ऑर्लिनने बाहेरून हाक मारली. आर्डिस ओले हात घेऊनच गेली, मी दारात थांबले.

"आर्डिस, त्यांना कुणी सांगितलं?"

माझी बहीण जन्मात खोटं बोललेली मला माहीत नाही. लहानपणी बशी फुटली तर मार खायला आपण होऊन पुढे व्हायची. तिने हात ॲप्रनला पुसले.

"कुणी नाही," ती म्हणाली. "आपले आपणच आले."

ऑर्लिनने डोळे मिटले आणि मान हलवली. खुर्चीच्या पाठीला टेकून तो कितीतरी दिवसांनी नीट झोपला.

आत येऊन आर्डिस पाण्याच्या नळाशी उभी राहिली. तिने नळ सोडला नाही. मी काही म्हणावं असं तिला वाटत होतं, आणि मला पवित्र शास्त्रातलं एकही वचन त्या क्षणी सापडलं नाही. सत्य बोला हे तर आम्ही मुलांना पाठ करून घेतो. मी फक्त पुसलेल्या बशा फळीवर लावल्या. या एका खोट्याचा न्याय प्रभू कसा करील ते त्याच्यावर सोपवून मी रोज प्रार्थना करते, तिच्यासाठी, आणि माझ्यासाठीही, कारण त्या वेळी मला ते खोटं वाटलंच नाही.

मग तिने किल्ल्या उचलल्या. रविवारी ड्वेन ऑर्लिनला भेटायला येणार होता. त्याच्या आत तिला ड्वेनकडे जाऊन एवढंच सांगायचं होतं, की मी तुझ्या शेताच्या बांधावर आले नव्हते.