पाचरीची गोष्ट

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी सुरक्षा विभागात लागले, तेव्हा सकाळची पाळी सुरू होण्याआधी कामगारांपुढे दहा मिनिटं बोलायचं काम माझ्याकडे आलं. चारचौघांत मी फारशी बोलत नाही. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे माझं मराठीही नियमावलीतून उचलल्यासारखं वाटायचं. पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस शॉपमधले तीस-चाळीस जण समोर उभे राहायचे आणि घड्याळाकडे बघायचे.

सांगायचं एकच होतं. प्रेस मशीनला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी ती एकदम दाबली तरच मशीनचा वरचा जड भाग खाली येतो, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. पण काम लवकर उरकावं म्हणून ऑपरेटर एका बटणात लाकडाची पाचर ठोकतात. एक हात मोकळा होतो आणि तोच आत जातो. आठवडाभर मी नियम वाचून दाखवले. पाळी सुटल्यावर मशीनखाली पाचरी सापडतच होत्या.

मग मी पप्पांची गोष्ट सांगायचं ठरवलं. मी लहान असताना ते अशाच प्रेसवर काम करायचे. त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. फोटो काढताना तो हात ते खिशात घालतात. आमच्या घरात सांगतात तसंच मी सांगितलं, की मशीन बिघडलं होतं, आपोआप खाली आलं. पहिल्यांदाच सगळे ऐकत होते.

मागे उभ्या असलेल्या एका जुन्या ऑपरेटरने विचारलं, "डावा हात ना, मॅडम?"

मी हो म्हटलं.

"मग मशीनला कशाला बोल लावता? डाव्या बटणात पाचर असणार. आम्ही बी तिथंच ठोकतो."

दोघं-तिघं हसले. उरलेली मिनिटं मी हेल्मेटबद्दल काहीतरी बोलले.

संध्याकाळी पप्पा गच्चीवर वाळलेले कपडे काढत होते. त्या ऑपरेटरचं बोलणं मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी दोरीवरचे चिमटे गोळा केले.

"व्हय, ठोकली होती," ते म्हणाले. "सायब यायच्या आत मशीनवरच्या जोडीदारानं काढून टाकली. मग सगळा दोष मशीनवरच गेला."

आईला हे माहीत नव्हतं. ती अजूनही नातेवाइकांपुढे त्या मशीनला शिव्याशाप देते. मी म्हटलं, नको असेल तर मी ही गोष्ट परत काढणार नाही. मलाही ती काढायची नव्हती. वडिलांची चूक अनोळखी माणसांपुढे कशी ठेवायची?

"त्या कामगारांचे हात अजून शाबूत हायेत ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग सांग. पण आईपुढं नको."

दुसऱ्या दिवशी मी कागद नेला नाही. "माझ्या वडिलांनी पाचर ठोकली होती," अशी सुरुवात केली. जोडीदाराचं सांगितलं, आमच्या घरात खोटं कसं टिकलं ते सांगितलं, खिशातल्या हाताचं सांगितलं. कुणी घड्याळाकडे पाहिलं का, मला माहीत नाही. मी त्यांच्या हातांकडे बघत होते.

जेवणाच्या सुट्टीत तो जुना ऑपरेटर माझ्याजवळ आला. तुमचे वडील बुटाची नाडी कशी बांधतात, एवढंच त्याने विचारलं. मी म्हटलं, ते चप्पलच घालतात. तो मान हलवून गेला. त्या दिवशी त्याच्या मशीनखाली पाचर नव्हती. दुसऱ्या काही मशीनखाली होत्या.

घरी आल्यावर पप्पांनी आवाज खाली आणून विचारलं, "सुरुवात कशी केली?"

मी ते पहिलं वाक्य सांगितलं. ते त्यांनी ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले आणि आईला म्हणाले, गॅस बंद कर, जरा बाहेर येऊन बस.