न बरा झालेल्या माणसाची साक्ष

आमच्या ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी उपासनेला साक्षीची वेळ असते. देवाने ज्याचं काही केलं, त्याने उठून सांगायचं. कुणाचा ताप उतरला, कुणाच्या पोराला एमआयडीसीत काम लागलं, कुणाचा नवरा दारू सोडून माणसात आला. लोक आमेन म्हणतात, टाळ्या वाजवतात. मीही वाजवते. पण ज्याचं काहीच झालं नाही तो खाली मान घालून बसतो आणि त्याला कुणी उठा म्हणत नाही. हे मला कधीच पटलं नाही.

मी काही उपदेशक नाही. दरवर्षी पावसाळ्याच्या शेवटाला अंबडच्या बाजूला कापसाच्या बियाण्याच्या प्लॉटवर कामाला जाते. दुपारभर मादीच्या कळ्या सोलायच्या, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कळ्यांवर नराचं फूल घासायचं. कंबर धरते, पण ओळीत दोघी-दोघी असल्या की तोंड मोकळं असतं. सासू निघते, सून निघते, कुणाचं कुणाशी फाटलं ते निघतं. मग देवही निघतो.

माझ्या ओळीला प्लॉटच्याच गावची एक बाई होती, माझ्याहून लहान, शेतकऱ्याच्या घरातली. तिच्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा त्याला जालन्याला मशीनवर न्यावं लागायचं. एक दिवस कळी सोलता सोलता ती म्हणाली, "अक्का, तुम्ही लोक प्रार्थना करता म्हणं. आमच्या मालकासाठी करता का?"

"करते की. पण ते बरे होतील असा शब्द मी देणार न्हाई. देव काही माझ्या खिशात न्हाई."

"नका देऊ. निस्ती प्रार्थना करा."

तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडायच्या आधी, आम्ही दोघी बांधावर बसायचो आणि मी तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन प्रार्थना करायचे. मोठ्याने करायचे, कारण मनातल्या मनात मला जमत नाही. चार दिवसांत ते मुकादमाच्या कानावर गेलं.

"कामाला आलात का धरम वाढवायला?" तो सगळ्यांदेखत म्हणाला. "इथं बिलकुल चालणार न्हाई."

"सुट्टी माझी, तोंड माझं," मी म्हणाले. "तिनं मागितलं, मी केलं. तुमच्या मोबाईलवर सकाळपास्नं भजनं चालू असतात. बंद करा म्हणले का मी कधी?"

बायका पदराआड हसल्या. त्या हसण्याचा त्याला जास्त राग आला आणि त्याने मला प्लॉटच्या पार दुसऱ्या टोकाला टाकलं. मी रोज सुट्टीत अख्खा प्लॉट ओलांडून तिच्याकडे यायचे. डबा खायला वेळ उरायचा नाही. एक वेळ उपाशी राहून कुणी मरत नाही.

तिचा नवरा मात्र मेला. दीड महिना प्रार्थना केली आणि एका शुक्रवारी तो गेला.

त्या रविवारी साक्षीच्या वेळी मी उठले. म्हणाले, "मी एका माणसासाठी दीड महिना प्रार्थना केली आणि तो गेला. का गेला मला माहीत न्हाई. मी देवावर रागावलेली आहे. आज त्यांच्या घरी भाकरी घेऊन जाऊन राह्यले. कुणी येतं का संगं?" मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारचे भाकरी नेऊन देतात, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. मंडळीत कुणी आमेन म्हणालं नाही. कुणी उठलंही नाही.

उपासना सुटल्यावर पाळकांनी, म्हणजे आमच्या मंडळीच्या धर्मगुरूंनी, मला बाजूला घेतलं. "बाई, आत्ता जाऊ नका. लोक दुःखात आहेत. कुणी काही बोललं, धर्मांतर करतात म्हणून कुणी व्हिडिओ काढला, तर सगळ्या मंडळीला निस्तरावं लागेल. आणि अशी साक्ष ऐकून नवीन लोकांचा विश्वास डळमळतो."

त्यांची भीती खोटी नव्हती, हे मी मान्य करते. पण मला संताप आला तो आलाच. प्रत्येकाने लोकांत जाऊन देवाचं सांगायला हवं असं वर्षभर शिकवायचं आणि जायची वेळ आली की उंटावरून शेळ्या हाकायच्या. "पाळकसाहेब," मी म्हणाले, "माणूस बरा झाला तरच सांगायचं असंल, तर मंग ती साक्ष न्हाई, जाहिरात झाली." आणि काळीपिवळी जीप पकडून तिच्या गावाला निघाले.

तिच्या ओट्यावर दीर बसला होता. "मुकादम सांगून गेल्ता, तुम्ही याल म्हणून," तो म्हणाला. "आता काय घेऊन आलात? तुमचा देव तर कामाला आला न्हाई."

"न्हाई आला. शुक्रवारपास्नं मी बी त्याला तेच म्हणून राह्यले."

त्याला हे उत्तर अपेक्षित नसावं. त्याने माझ्या हातातल्या टोपल्याकडे पाहिलं.

"भाकरी अन् पिठलं आणलंय. घेतलं तर घ्या. न्हाई घेतलं तरी मी बसणार हाये."

त्याने टोपलं आत नेलं नाही. माझ्या हातचं त्या घरात चालत नाही. माझा बाप कोणत्या वस्तीत जन्मला हे गावाला माझ्या प्रार्थनेच्या कितीतरी आधीपासून पाठ आहे. मी टोपलं मांडीवर घेऊन अंगणात बसले. भेटायला आलेल्या बायका मला वळसा घालून आत जात होत्या. ती बाहेर आली नाही, तर मुकादम आणि पाळक दोघेही खरे ठरणार होते, आणि मला ते होऊ द्यायचं नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्या दोघांपेक्षा मला तिची काळजी होती. तिने मला दार लावलं असतं तर मी ते सोसू शकले नसते.

ऊन उतरायला लागलं तेव्हा ती आली. हातात बांगड्या नव्हत्या. माझ्याजवळ बसली आणि माझ्या मांडीवरचं टोपलं उचलून तिने आपल्या मांडीवर घेतलं.

"अक्का, अजून करता का प्रार्थना?"

"करते."

"कुणासाठी? ते तर गेले."

"तुझ्यासाठी. पण नीट होत न्हाई. निस्तं भांडण होऊन राह्यलंय देवासंगं."

तिने टोपल्यावरचं फडकं सारखं केलं. मग म्हणाली, "मंग मला बी शिकवा ते भांडण."

"आत्ता?"

"आत्ता."

दीर दारात येऊन उभा राहिला होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. "काहून नेलंस त्याला?" मी म्हणाले. तीही माझ्यामागून म्हणाली, माझ्याहून मोठ्या आवाजात.