आडवं मशीन, सरळ चित्र

आधी चहा घ्या. कारण हे ऐकून तुम्ही हसणार आणि चहा सांडणार. माझी तर अब्रूच सांडली होती!

मी नववीत शाळा सोडली आणि दिल्लीत मयूर विहारला मामाच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात नाणं टाकून खेळायची कपाटाएवढी मशीनं दुरुस्त करायला लागलो. बरं चाललं होतं हो. मग आर. के. पुरमच्या आमच्या मराठी मंडळात समीर आला. पुण्याचा, नोएडात कॉम्प्युटर कंपनीत! गणपतीत जो तो ‘समीर, समीर’. मंडळातल्या वैदेहीने तर त्याला मोदक स्वतःच्या हाताने वाढला. आणि मला? "ताटातून घे ना," म्हणाली!

समीर मंडळाचे जुने फोटो कॉम्प्युटरवर दाखवणार होता, पण त्याचा पडदा वहीएवढा. मंडळात कधी तोंड न उघडणारा मी एकदम ओरडलो, "आमच्या गेमच्या मशीनचा पडदा मोठा आहे. मी जोडतो!"

"यार, तो पडदा कॉम्प्युटरपेक्षा हळू चालतो," समीर म्हणाला. "ग्राफिक्स कार्डाची सेटिंग बदलावी लागेल. मी येऊ?"

"बिल्कुल नको! कॉम्प्युटर ठेव आणि जा."

तीन दिवस झटलो. आमच्या दुकानात मशीनचं मागचं दार उघडायला जागा नाही, म्हणून मशीन आडवं पाडूनच काम करायचं. आधी पडदा शिट्टी मारायचा, एका फोटोचे दोन दिसायचे. जो आकडा जमेल तो मी मशीनच्या बाजूच्या फळीवर मार्करने लिहीत गेलो. शेवटी चित्र आलं. लख्ख! आता बोल, समीर!

चौथ्या दिवशी मशीन टेम्पोतून मंडळात नेलं, कोपऱ्यात फळी भिंतीला लावून ऐटीत उभं केलं आणि बटण दाबलं.

अख्खं मंडळ आडवं! बाप्पासुद्धा कुशीवर!

देशपांडे काकूंनी मान वाकडी केली. "अगंबाई, आरतीला सगळे झोपले होते का?"

"समीरचं कार्ड खराब आहे!" मी ठोकून दिलं.

समीर पडद्यासमोर बसला. "अच्छा… पडदा उभा बसवलाय. विमानाच्या गेमला उंच चित्र लागतं म्हणून ना? आणि दुकानात तू मशीन आडवं ठेवून बघत होतास?"

बोंबला! तो पडदा उभा बसवला होता मीच.

"चलो, आडवं करू," समीर म्हणाला. चौघांनी मशीन आडवं केलं. फोटो सरळ! टाळ्या! पण भिंतीकडची फळी आता वर आली होती ना.

समीर कौतुकाने मोठ्याने वाचू लागला. "पंधरा किलोहर्ट्‌झ, बरोबर. रुंदी कमी, बरोबर. ‘समीर माकड आहे’… ‘तो मोदक माझा होता’…"

टाळ्या थांबल्या. मशीनच्या आत जागा असती, तर मी तिथेच राहायला गेलो असतो.

वैदेही ताट घेऊन समोर आली. "हा घे तुझा मोदक. उभा खाशील की आडवा?"

खाल्ला. काय करणार?

दोन वर्षांनी त्याच पडद्यावर तिच्या आणि समीरच्या लग्नाचे फोटो दाखवले. वायर मीच जोडली. मशीन आधीच आडवं ठेवलं. चित्र पहिल्या झटक्यात सरळ!

आकडे मात्र या वेळी कागदावर लिहिले होते. फक्त आकडे.