टेपची दोन टोकं

आप्पा फौजदार म्हणून निवृत्त झाले, तरी बांधाची भांडणं आमच्याच दारात यायची. फुकटची हमाली म्हणून मी चिडायचो. एकदा ते मला आजऱ्याकडं घेऊन गेले. तिथं दोन सख्खे भाऊ बांधावरून तीन वर्षं बोलत नव्हते. आप्पांनी मोजायच्या टेपचं एक टोक थोरल्याला दिलं, दुसरं धाकट्याला.

"आकडा एकमेकाला सांगायचा. मला न्हाय."

दोघं बांधाच्या दोन टोकांना गेले, टेप मधे लोंबू लागली. मग थोरला खेकसला, "ताणून धर की."

"धरतोय की, दादा."

आप्पा लगेच एसटीकडं चालू लागले.

"बांध कुणाचा निघाला?" मी विचारलं.

"त्यांचं ते बघतील. बोलले न्हवं?"

परतीच्या गाडीत मी उगाचच मोठ्यानं आप्पा, आप्पा करत राहिलो. सगळ्या एसटीला कळू दे, हा माझा बाप हाय.