पुण्याच्या पत्त्यावरचं स्टेशन

आई गोंदियाच्या राईस मिलमध्ये झाडू मारायची, बाबा तिथेच पोती उचलायचे. भुशाने दोघांचेही घसे बसलेले, म्हणून आमच्या घरी बोलणं कमीच. मिल बंद राहिली की दोन्ही वेळा कण्या. तांदळाचा तो चुरा लोक कोंबड्यांना घालतात. त्याची मला कधी लाज वाटली नाही. लाज वाटायला लावणारे पुढे कॉलेजात भेटले.

शेवटच्या वर्षी माझा प्रकल्प होता उपग्रह ऐकण्याचा. लहान उपग्रह वरून जाताना स्वतःची तब्येत सांगत जातात. बॅटरी किती उरली, अंग किती तापलं. ते संदेश रेकॉर्ड करायचे आणि जगभरच्या हौशी लोकांनी चालवलेल्या नेटवर्कवर पाठवायचे. तिथे ते, ऐकणारं मशीन जिथे बसवलंय त्या स्टेशनच्या नावानं नोंदले जातात. एक तरी संदेश नोंदला गेला तर प्रकल्प पास. नाहीतर वर्ष गेलं, आणि आणखी एक वर्ष शिकवायची घरची ताकद नव्हती.

अँटेना मी ॲल्युमिनिअमच्या तारेचा केला आणि बांबूवर बांधून कॉलेजच्या छतावर उभा केला. बांबू बाबांनी शेजारच्या फुलचूर गावाहून सायकलवर आणला.

"काऊन वं, याच्यातून बोलते का तो उपग्रह?"

"बोलते," मी म्हटलं.

तीन आठवडे तो बोलला नाही. रोज रेकॉर्डिंग व्हायचं, रोज नुसती खरखर. मार्गदर्शक सर पुण्याचे. छतावर आले आणि म्हणाले, "अगं, यावर उपग्रह नाही, कोंबड्या बसतील." सोबतची मुलं हसली. मी अँटेना चार वेळा सोडून पुन्हा बांधला. बोटांना चरे पडले. दोष माझाच, हे मीही धरून चालले होते.

एका दुपारी फोनवर उपग्रहाची जागा पाहिली, तर उपग्रह अजून आमच्या आभाळात होता आणि मशीनने रेकॉर्डिंग बंद केलेलं. तेव्हा मी स्टेशनची नोंदणी उघडली. ती सरांनी भरली होती. ठिकाण, पुणे.

गाडी जवळ येताना हॉर्नचा सूर चढलेला असतो, पुढे गेली की उतरतो. उपग्रहाच्या आवाजाचंही तसंच. मशीन तो फरक स्टेशनच्या ठिकाणावरून काढून सुधारतं, आणि रेकॉर्डिंग कधी सुरू-बंद करायचं हेही त्यावरूनच ठरवतं. आमचं मशीन गोंदियात बसून पुण्याचं आभाळ ऐकत होतं.

"सर, पुणं का टाकलं?"

"गोंदिया कोणाला माहीत आहे? पुणे दिसलं की वजन पडतं. तेवढ्यानं काय बिघडतं?"

"उपग्रहाले वजन नाही समजत, सर," मी म्हटलं आणि त्यांच्यासमोरच ठिकाण बदललं.

त्याच आठवड्यात पहिला संदेश उतरला. बॅटरी ठीक, तापमान ठीक. अहवालात सरांनी लिहिलं, 'मार्गदर्शकाने तांत्रिक त्रुटी दूर केली.' उशीर झाला म्हणून माझे गुण कापले. सही करताना त्यांनी वर पाहिलं नाही. माफी तर लांबच. आमच्या गावाची लाज वाटणाऱ्या माणसाकडून मी ती मागितलीही नाही.

पदवी मिळाली, आमच्या घरातली पहिली. नेटवर्कवर स्टेशनच्या ठिकाणी आता गोंदिया लिहिलेलं आहे, आणि तिथून आलेले संदेश त्याच नावानं नोंदलेले आहेत.